काळी-पिवळीचा नाच

परतूरकडच्या एका कॉलेजातल्या सरांचा फोन आला. "मॅडम, गॅदरिंगला आदिवासी नाच पाहिजे."

मी म्हणाले, मी भिल्ल आहे आणि नाचही शिकलेय, पण माझा नाच मीच बसवते.

"बिलकुल, बिलकुल," सर म्हणाले. ऐकलं काहीच नव्हतं.

पुण्यात मी आधुनिक नृत्य शिकले. तिथल्या बाई म्हणायच्या, तुझ्या अंगात जंगल आहे. आमच्या जाफराबादकडं सगळी सोयाबीन नाहीतर कपाशी. जंगल म्हणून मी पाहिल्या त्या स्टँडमागच्या वेड्या बाभळी, आणि तिकडं लोक कशाला जातात हे बाईंना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

कार्यक्रमाला माय सोबत आली. तयारीसाठी सायन्सची लॅब दिली होती. सरांनी टेबलावर गाठोडं सोडलं. प्लास्टिकच्या पानांचा घागरा, पिसांचा टोप, थर्माकोलची हाडं, वर एक भाला. मग माझ्याकडं निरखून पाहत म्हणाले, "रंग जरा कमी पडून राह्यला. थोडं काळं लावून घ्या."

माय अंगणवाडीत मदतनीस आहे. लहान पोरांना समजवावं तशी म्हणाली, "सर, आमच्यात पान खातेत. नेसायचं आजच ऐकलं."

टोप मी सरांच्याच हातात दिला आणि जीन्स-टीशर्टवर स्टेजवर गेले.

मी नाचले ती आमच्या गावाला जाणारी काळी-पिवळी जीप. अर्ध्या बुडावर बसायचं, कोपरानं जागा करायची, मांडीवर कुणाचं तरी पोर, ब्रेक लागला की सगळ्यांचा मिळून एक झोका. संगीत म्हणजे इंजिनाची घरघर आणि हॉर्न. हॉलमध्ये मागून कुणीतरी ओरडलं, "झिंगालाला!" पाय क्षणभर अडखळले. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि मी पडद्याआड टोप धरून उभ्या असलेल्या सरांना हात केला : चला, एक सीट बाकी आहे! सर बिचकत आले. मी कोपर मारून त्यांना बसवलं. ब्रेक लागल्यावर त्यांनी असा बरोबर झोका खाल्ला, की वाटलं, तेही रोज जीपनंच येत असणार. हॉल हसून लोटपोट झाला.

नंतर सरांनी धापा टाकत माइक घेतला. "हे होतं हजारो वर्षांचं पारंपरिक आदिवासी नृत्य!"

मी कपाळाला हात लावला. माय टाळ्या वाजवत होती.

चहा पिताना मात्र सर हळू आवाजात म्हणाले, "खरंच विचारतो, तुमच्याकडं नाचतात कसं?"

"लग्नाला या," माय म्हणाली. "डीजे लावतो आम्ही."

"कोणाच्या लग्नाला?"

"हिच्याच. तेवढं ठरू द्या."

सरांनी मायचा नंबर घेतला आणि गेल्या महिन्यात खरंच एक स्थळ पाठवलं. मुलगा बँकेत, आणि भिल्लच, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मायनं मुलाच्या आईला फोन लावून एकच विचारलं, "पोरगा नाचतो का?"

तिकडून उत्तर आलं, "न्हाई हो, लई सज्जन आहे."

मायनं फोन ठेवून दिला.