सद्गुरू नावाचा हमाल

नवसाबाई कोशिरेची पहिली दोन मुलं वर्षाच्या आत गेली. तिसरा झाला तेव्हा सासू म्हणाली, "दगडू ठेव, नायतर केरू ठेव. नाव हलकं असलं की मरण फिरकत नाय." मखमलाबादकडच्या त्या मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. पण नवसाबाईच्या मनाने घेतलं, की दगडाला मरण कशाला घाबरेल? घाबरेल ते गुरूला. तिने पोराचं नाव सद्गुरू ठेवलं. पोर जगलं.

कसं जगलं ते मात्र त्यालाच विचारावं. आईने त्याला कधी अरे-तुरे केलं नाही. चार वर्षांच्या शेंबड्या पोराला ती "सद्गुरू, जेवायला या" म्हणायची. विटाळशी असली की चार दिवस ते नाव तोंडाने घ्यायची नाही, नुसती टाळी वाजवून बोलवायची. शाळेत गुरुजी म्हणत, "सद्गुरू, अंगठे धरा," आणि वर्ग हसून लोळायचा.

आता बत्तिसाव्या वर्षी तो फूलबाजारात हमाली करतो. झेंडूचे क्रेट डोक्यावर घेऊन निघाला की भिमाजी व्यापारी मुद्दाम आडवा येतो आणि वाकून त्याच्या पायाला हात लावतो. "महाराज, कृपा असू द्या गरिबावर!" दोन्ही हात ओझ्याला गुंतलेले, पाय मागे घ्यावा तर तोल जातो. सगळा बाजार पोट धरून हसतो.

म्हणून मुलगा झाला तेव्हा त्याने एकच ठरवलं. हे याच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही. नवसाबाई तर घोकतच होती, "कुंभमेळा तोंडावर आलाय, महंत ठेवा." त्याने बहिणीला, आशाला, गाठलं.

"आत्या तू हायेस, मान तुझा. कानात जीवन सांग. आईला इचारू नको."

बारशाला भावकी आली, बाजारातली माणसं आली, भिमाजीही आला. आशाने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले.

"काय ठेवलं गं?" नवसाबाईने विचारलं.

"जीवन."

नवसाबाईचा चेहरा उतरला. "एवढं साधं? माझी दोघं साध्याच नावाची होती. नाय राहिली."

"सुटली ती," सद्गुरू सगळ्यांदेखत म्हणाला. "तुझ्या हातून दोघं सुटली, मी तेवढा सापडलो."

पाळण्याची दोरी धरलेल्या बाईचा हात थांबला. तेवढ्यात भिमाजी ओरडला, "ऐका रे, सद्गुरूंचं प्रवचन सुरू झालं!" पुरुषांत हशा पिकला. नवसाबाईने घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली. तिच्यामागे कुणी गेलं नाही. सद्गुरूला तर आयुष्यात पहिल्यांदा जिंकल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी त्याने जन्मदाखला आणून बायकोच्या, निकिताच्या, हातात दिला. नवसाबाई ओट्यावर फुलं निवडत बसली होती.

"काय लिहिलंय गं? मला कुठं वाचता येतं."

"जीवन सद्गुरू कोशिरे," निकिताने वाचलं.

नवसाबाईचे हात थांबले. पोराच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, हे सद्गुरूला का ठाऊक नव्हतं? पण पहिल्या शब्दासाठी तो इतका भांडला, की दुसरा त्याच्या ध्यानातच आला नव्हता.

"शाळेत हजेरीला पूर्ण नाव घेतात ना?" नवसाबाईने विचारलं.

"घेतात की, रोज."

"आन् लग्नाच्या पत्रिकेत?"

"तिथंबी असतं, सासूबाई."

"वाच बरं परत."

निकिताने परत वाचलं. सद्गुरूने दाखल्यासाठी हात पुढे केला, पण म्हातारीने सुनेचं मनगट धरलं.

"आणखी एकदा," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं. ह्यांना ऐकू जाऊ दे."