डाव्या हाताचा प्रवास

सोलापूरला आमच्या घरासमोर रिक्षा येऊन उभी होती आणि आई मला पुन्हा आत बोलवत होती. "दोन मिनिटं थांब गं. कासार आलाय. मोकळ्या हातांनी पाठवू होय तुला?"

दोन हजार सालचा मे महिना. डोक्यावर नुकती लव उगवली होती, ती मी रुमालाखाली झाकली होती. सहा महिन्यांपूर्वी पुण्यात माझं ऑपरेशन झालं, डाव्या स्तनाचं. त्याबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या. मग इंजेक्शनं झाली, मग आईकडचा मुक्काम. या सगळ्या काळात माझे यजमान आणि पंधरा वर्षांची मुक्ता तिकडे आखातात, दुबईपलीकडच्या फुजैरात एकमेकांना सांभाळत होते. आता मी परत निघाले होते. कासारानं दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. आई त्याला सारखी सांगत होती, "जरा लहान मापाच्याच भर. विमानात कुठं आपटून वाढायला नकोत." तिच्या डोळ्यांना त्या बांगड्या म्हणजे माझं सगळं पुन्हा पहिल्यासारखं झाल्याची खूण होती. वडिलांनी खांद्याला लावायची पिशवी दिली. तीत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि काळ्या मसाल्याचा डबा होता. उजव्या हातात पासपोर्ट आणि औषधांची फाइल होती, म्हणून पिशवी डाव्या खांद्याला लावली.

मी पहिल्यांदा घर सोडलं ते एक्क्याण्णव साली, सहा वर्षांच्या मुक्ताचं बोट धरून. दुबईहून फुजैराला येताना डोंगर लागले आणि मला वाटलं, आपण वाट चुकलो. वाळूचा देश म्हणून आले होते आणि समोर हे तपकिरी, सुरकुतलेले, एकही झाड नसलेले डोंगर. त्यांच्या पलीकडे एकदम समुद्र. यांची नोकरी ऑइल टर्मिनलवर. आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून तेलासाठी थांबलेली जहाजं दिसायची, वीस, पंचवीस, कधी त्याहूनही जास्त. दुपारच्या धुरकट उजेडात पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. जहाजं अधांतरी टांगल्यासारखी वाटायची. मी भाजणी मळता मळता त्यांच्याकडे बघत बसायचे. शारजा-दुबईची मराठी मंडळी माझ्याकडून चकल्या मागवायची. सोऱ्याचा दांडा मी डाव्या हातानं फिरवायचे, लहानपणापासूनची सवय. आठ-नऊ वर्षं अशी गेली की गेल्याचं कळलंच नाही. मुक्ताला मी मराठीत विचारायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. त्यातच आमचं सगळं बोलणं व्हायचं.

तर मे महिन्यातलं ते विमान. मुंबई ते दुबई, जेमतेम तीन तासांचा रस्ता. मला वाटलं, यात काय होणार? खिडकीपाशी बसले. खाली ढग कापसाच्या गादीसारखे पसरले होते. औषधांचा थकवा अंगात होताच. डोळा लागला. स्वप्नात मी त्या ढगांवरून अनवाणी चालत होते आणि कुणीतरी माझं मनगट धरून मला मागं ओढत होतं. जागी झाले ती त्या ओढीनं. हात जड झाला होता. बोटं जाड दिसत होती. बांगड्या कातडीत रुतल्या होत्या.

शेजारी एक मल्याळी बाई बसल्या होत्या. लीलाम्मा, अजमानला नर्स होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग डोक्यावरच्या रुमालाकडे. हळूच विचारलं, "दीदी, ब्रेस्ट का ऑपरेशन हुआ है क्या? इसी साइड?"

मी मान हलवली.

"और ये टाइट बांगडी किसने पहनाया? बैग भी इसी कंधे पे उठाया ना?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं, असं कसं सांगू? लीलाम्मांनी मला उजव्या हाताला धरून उठवलं. मला मागच्या बाजूला नेलं आणि साबणाच्या पाण्यानं एकेक बांगडी उतरवली. दोन काही केल्या येईनात. त्यांनी चमच्याचा दांडा बांगडीखाली सरकवला, वर ओला नॅपकिन गुंडाळला. "कट नहीं लगना चाहिए. इस हाथ को छोटा सा कट भी नहीं," असं म्हणत त्यांनी नॅपकिन घट्ट आवळून दाबला. कट्ट आवाज आला. पुन्हा एकदा आला.

"टूट गया," त्या म्हणाल्या.

"टूट गया नहीं बोलते," मी रडत रडत म्हणाले. "हमारे में बोलते हैं, बढ़ गई."

लीलाम्मांनी नॅपकिनमधले तुकडे नीट गोळा केले. मग म्हणाल्या, "ठीक है दीदी. दोनों बढ़ गई." हातावर एक ओरखडासुद्धा उठला नव्हता. उरलेला वेळ त्यांनी माझा हात दोन उशांवर ठेवायला लावला आणि मूठ उघडमीट करायला सांगत राहिल्या.

विमानतळावर हे आणि मुक्ता उभे होते. यांनी आधी माझा मोकळा हात पाहिला. मी सगळं सांगितलं. त्यांनी पिशवी काढून घेतली आणि एवढंच म्हणाले, "मी इथं धडधाकट उभा आहे ना? मग चल." पण आईला मात्र मी सांगितलं नाही. दर शुक्रवारी फोनवर ती विचारायची, "बांगड्या आहेत ना गं हातात?" आणि मी म्हणायचे, "आहेत की." उजव्या हातात होत्याच.

सूज उतरली नाही. काही दिवसांनी हे मला दुबईच्या एका क्लिनिकमध्ये घेऊन गेले. तिथं सामिया भेटली. ही सुदानी फिजिओथेरपिस्ट उंच होती, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. तिनं मला पहिल्यांदा नीट समजावलं. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी परत वाहून नेणारी वाट अरुंद होते. ते साचलं की हात सुजतो. त्याचं नाव लिम्फेडिमा. विमानानंच हे केलं, की त्या पिशवीनं, की बांगड्यांनी, की तसंही झालंच असतं, ते कुणालाच नक्की सांगता येणार नाही, असंही ती म्हणाली. त्या एका वाक्यासाठी मी आजही तिची ऋणी आहे. तोवर माझ्या मनात आईच्या हातांचा दोष घर करून बसला होता. तो त्या दिवशी विरघळला.

तीन महिने आम्ही आठवड्यातून दोनदा डोंगर ओलांडून जायचो. सामिया अगदी हलक्या हातानं खांद्यापासून सुरुवात करायची. मी म्हणायचे, जरा जोर लाव की. ती हसायची. "शुवय्या, शुवय्या, हबीबती. सावकाश, सावकाश. तुमच्या फुजैरात खजुराच्या बागांना पाणी नेणारे दगडी पाट आहेत ना? पाणी ढकलून जात नाही. पुढची वाट मोकळी केली की आपण होऊन येतं." मी डोळे मिटायचे आणि हाताच्या आतून संथ पाणी चाललंय असं मला खरंच दिसायचं, डोंगराच्या पायथ्याचं, हिरव्या सावलीतलं. मग ती बोटांपासून दंडापर्यंत पट्ट्या गुंडाळायची. तसा गुंडाळलेला हात मांडीवर घेऊन मी परत यायचे, दुसऱ्याचं तान्हं बाळ सांभाळायला घेतल्यासारखा.

हात बराचसा उतरला. पूर्ण नाही. मी चकल्या उजव्या हातानं पाडायला शिकले. सुरुवातीला त्या इतक्या वाकड्या व्हायच्या की मुक्ता म्हणायची, "आई, this one looks like Africa." पण विमान मात्र मी सोडलंच. चार वर्षं सोलापूरला गेले नाही. आई-वडीलच एकदा येऊन गेले. माझा हात बघितला आणि आईनं जेवताना पाण्याचा तांब्या माझ्या उजव्या बाजूला सरकवला. बांगड्यांचं तिला कधीच कळलं असावं.

दोन हजार तीनमध्ये मुक्ता शिकायला कॅनडाला गेली, टोरांटोजवळ. पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी तिचा फोन आला. बर्फावरून घसरून घोटा मोडला होता. ऑपरेशन करून प्लेट बसवली होती. "I'm fine, आई. Don't come. तुझा हात सुजेल." शेवटचं वाक्य तिनं मराठीत म्हटलं, म्हणून मला कळलं की ती fine नाही.

उन्हाळ्यात जायचं म्हणून व्हिसा काढून ठेवलेला होता. यांना टर्मिनलवरून सुट्टी मिळेना. दोन विमानं, पंधरा-सोळा तास. मी सामियाकडे गेले. वाटलं होतं, ती नको म्हणेल. तिनं टेप काढून माझा हात मनगटापासून दंडापर्यंत पाच ठिकाणी मोजला.

"विमानात हाताला दाब देणारी लवचिक बाही घालायची, ती मापाची हवी. घट्ट जास्त तर वाईट, सैल तर उपयोग नाही. आणि नुसती बाही नको, तळव्याचा मोजाही. नाहीतर पाणी बोटांत येऊन बसेल. ही सगळ्यांना लागते असं नाही. तुला आधी सूज आलीय, म्हणून तुला." नवी बाही आल्यावर तिनं ती मला आठवडाभर घरात घालून फिरायला लावली. विमानात पहिल्यांदा घालायची नाही, हे बजावलं. मग म्हणाली, "ओझं उचलायचं नाही. मदत मागायची. ते तुला सगळ्यात कठीण जाईल. यल्ला, जा मुलीकडे."

खरंच तेच कठीण गेलं. मी आयुष्यात कधी कुणाला माझी बॅग उचला म्हटलं नव्हतं. दुबईहून सकाळी निघताना एका अनोळखी सरदारजींना म्हटलं, "भाईसाब, मेरा हाथ ठीक नहीं." ते "हां जी, हां जी" करत उठले आणि बॅग वर ठेवली. इतकं सोपं होतं ते.

मी कडेची सीट मागून घेतली होती. अंगठी, घड्याळ काही नव्हतं. ढगळ कुडता, मांडीवर उशी, हातात स्पंजचा चेंडू. तासाला एकदा उठून शेवटपर्यंत चालत जायचे, पाणी प्यायचे, खोल श्वास घ्यायचे. लंडनला विमान बदललं. त्या दिवशी सूर्य मावळतच नव्हता. आम्ही पश्चिमेला पळत होतो आणि तोही आमच्याबरोबर पळत होता. एकच दुपार कितीतरी तास पसरली. खाली बर्फाचे तुकडे तरंगणारा समुद्र होता, आणि झोपेच्या काठावर मला ते फुजैराची जहाजं वाटत होते, तेलासाठी थांबलेली, पांढरी झालेली.

आणि तेव्हाच बोटं ताठली. चार वर्षांपूर्वीची ती ओढ मनगटात पुन्हा जाणवली. बघते तर डुलकीत बाही कोपराशी गोळा होऊन दोरीसारखी आवळली होती. मी हळूहळू ती सरळ केली, एकही वळी राहू दिली नाही. मागं जाऊन उभी राहिले. हात वर केला, मूठ उघडली, मिटली. शुवय्या, शुवय्या. पुढची वाट मोकळी कर. एअर होस्टेसनं विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, पाणी. अर्ध्या तासानं बोटं मऊ झाली. मी जागेवर येऊन बसले आणि मला हसू आलं. या खेपेला मला सोडवायला लीलाम्मा नव्हत्या. मीच होते.

टोरांटोला उतरलो तेव्हा कुठं सूर्य बर्फावर टेकला. मुक्ता बाहेर कुबड्यांवर उभी होती, केवढी बारीक झालेली. तिनं आधी माझ्या हाताकडे बघितलं, मी तिच्या पायाकडे. "Show me your fingers," ती म्हणाली. मी बोटं हलवून दाखवली. मग दोघींनी एकदमच माझ्या बॅगेकडे बघितलं. ती उचलायला दोघींपैकी कुणीच कामाचं नव्हतं. मुक्ता हसायला लागली, मी हसायला लागले, आणि हसता हसता ती माझ्या उजव्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. टॅक्सीवाल्यानं बॅग आत टाकली.

तिची भाड्याची खोली तळघरात होती. खिडकी जमिनीच्या पातळीला, तिच्यातून फक्त बर्फ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. दुसऱ्या दिवशी मुक्ताचा पाय डॉक्टरला दाखवून आल्यावर मी वरण-भात लावला. मुक्ता ओट्यापाशी उंच स्टुलावर बसली. भाजी चिरणं, झाकणं उघडणं, दोन्ही हातांची सगळी कामं तिची. उभं राहायची, आणायची-ठेवायची कामं माझी. गरम पातेलं मला एका हातानं उतरवेना. तिनं बसल्या बसल्या एक बाजू धरली, मी उजव्या हातानं दुसरी. दोघी मिळून एक धड माणूस झालो होतो. मला इकडची वस्तू सापडायची नाही, ती कुबडीनं दाखवायची, "तिथं आई, no, वरच्या shelf वर."

इतक्यात फुजैराहून यांचा फोन आला. मुक्तानं घेतला. हे एवढ्या मोठ्यानं बोलत होते की मला ओट्याजवळ ऐकू येत होतं. सकाळपासून दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही, कुठं होतात?

"बाबा, डॉक्टरकडे गेलो होतो," ती म्हणाली. "आता आलो घरी."

मी भाताची वाफ जिरेपर्यंत तशीच उभी राहिले. त्या खोलीत येऊन मला पुरता एक दिवसही झाला नव्हता. सोलापूर मी सोडलं होतं, फुजैरात कागदोपत्री आम्ही पाहुणेच होतो, आणि हे तळघर तर चार महिन्यांनी मुक्ताही सोडणार होती. तरी 'घरी' हा शब्द तिनं बरोबर वापरला होता. मी दोन ताटं घेतली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.