आमच्या तालुक्यावरचा लाल रंग

वैशालीताईंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगतो. हैदराबादला उपग्रहाची चित्रं तपासणाऱ्या त्यांच्या ऑफिसात मी चहा देतो. शाळा सातवीतच सुटली. त्या दिवशी पडद्यावर उपग्रहाने टिपलेला हवेचा नकाशा होता. आमचा तालुका लालभडक. मी हरखून म्हणालो, "ताई, आमच्यावर गुलाल उधळलाय की."

त्या हळूच म्हणाल्या, "दादा, तो धूर आहे. उसाचं पाचट जाळल्याचा."

ऊस तोडल्यावर उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, आमच्याही शेतात दरसाल जळतंच. एवढ्या उंचावरून घर दिसावं, तेही असं. मान वर होईना. ऑफिसातल्या बाकीच्यांनी काय झालं म्हणून विचारलं, तर ताई एवढंच म्हणाल्या, "यांनी आपलं गाव ओळखलं."

संध्याकाळी गावी भावाला फोन केला, "यंदा पाचट सरीतच कुजू दे."

"लई शहाणा झालास व्हय रं? बघू."

ताई, कधीतरी तुम्हाला गावी नेईन; पण छाती भरून श्वास घ्या, असं न लाजता म्हणता येईल तेव्हाच.