समोरासमोरची पंगत

पेठ गावाजवळच्या हमरस्त्यावरल्या त्या खाणावळवालीचं नाव मी कधी विचारलं नाही. पुण्यात स्वाइन फ्लू पसरला त्या पावसाळ्यात तिने आतल्या कोंदट खोलीतली बाकडी उचलून मागच्या उघड्या पत्र्याखाली मांडली, सगळी एका रांगेत, डोंगराकडे तोंड करून. आत चुलीपाशी तिची गरोदर सून भाकऱ्या थापायची.

"मावशे, लगीन कुणाचं काढलं?" एका ड्रायव्हरने टोमणा मारला.

"लगीन न्हाई राव, बारसं हाय. तवर आत कुणी खोकायचं न्हाई."

खोकत मीच होतो, आणि वाऱ्याचं निमित्त करून आत निघालो होतो. तिने पदर नाकाला लावला आणि पळीने बाकडं दाखवलं. "पावणं, भाकर भायेर बी गरमच लागती."

मी ओशाळून बसलो. दुसऱ्या दिवशी तापाने पडलो. अंथरुणात मला त्या सुनेला माझी लागण झाली नसेल ना, हीच धास्ती लागून राहिली.

साथ ओसरल्यावर, दिवाळीनंतर गेलो, तर पत्र्याखाली पाळणा बांधलेला आणि बाकडी समोरासमोर लावलेली. मला पाहताच तिने पळी झेंड्यासारखी उंच धरली.

"या पावणं, आता बसा कुनाच्याबी तोंडाफुडं! नात बगा माजी, कशी दणदणीत बोंबलती!"