मामांचं पिस्तूल, स्थिती चालू

ती घटना आजही आठवली की मला एकट्याला बसल्या जागी हसू फुटतं. गुन्हा नाकारणारे आरोपी मी नोकरीभर पाहिले. केलेला गुन्हा मुकाट्याने कबूल करणारेही थोडे पाहिले. पण न केलेला गुन्हा छाती पुढे काढून कबूल करणारा आणि 'अहो, तुम्ही हा गुन्हा केलेला नाही' असं मला दिवसभर समजवायला लावणारा आरोपी एकच भेटला. नाव सांगणार नाही. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, मीही म्हणतो.

त्या वेळी मी कंधारकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी आपापली शस्त्रं ठाण्यात जमा करायची असतात. त्या चार दिवसांत ठाण्याच्या ओसरीला बाजाराची कळा येते. कमरेला पिस्तूल लावणारी माणसं एरवी एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघतात. जमा करायला आली की मात्र चहा पीत एकाच बाकावर बसतात, आणि विषय एकच, कुणाचं पिस्तूल कसं चालतं.

बहुतेकांकडे एकाच जातीचं हत्यार होतं. बत्तीस बोअरचं, आखूड, शर्टाखाली झाकणारं आणि त्यातल्या त्यात परवडणारं. एकजण म्हणाला, "माझं लई इमानी हाय. आजपस्तोर दगा दिला न्हाई." दुसरा म्हणाला, "माझ्या पाव्हण्याचं अडकतंय म्हणं. माझं न्हाई अडकत." आमचे ठाणे अंमलदार म्हणजे जुने, मुरलेले हवालदार. पावती लिहिता लिहिता त्यांनी मान वर न करता विचारलं, "यातलं कुणी कधी एकतरी गोळी उडवली आहे का?"

एकाने चहाचा कप उगाच पुन्हा तोंडाला लावला.

त्या पावतीत 'शस्त्राची स्थिती' असा एक रकाना असतो. मामा हवालदारांच्या टेबलाशी वाकून उभे होते. साठीचे, उंच, पांढरा शर्ट, पांढरं धोतर, मिशीला पीळ. म्हणाले, "चालू लिवा. ठळक लिवा." हवालदारांनी नंबर पडताळला, ठळक अक्षरात 'चालू' लिहिलं आणि पिस्तूल पिशवीत घालून सील केलं. खटका ओढून पाहायला हवं होतं, ते कुणी पाहिलं नाही. ही आमची चूक, ती इथे नोंदवून ठेवतो. निवडणूक झाली, निकाल लागला, पिस्तुलं आपापल्या कमरेला परत गेली.

त्यानंतर लग्नसराईत एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "मामाच्या भाचीच्या लग्नात गोळीबार झालाय," एवढं सांगून माणसाने फोन ठेवला. तासाभरात मोबाइलवर चित्रफीत फिरायला लागली. दुपारपर्यंत ती नांदेडला वरिष्ठांपर्यंत पोहोचली आणि मला विचारणा झाली. चित्रफितीत सगळं स्वच्छ दिसत होतं. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, मामांनी कमरेचं पिस्तूल काढून हात आभाळाकडे केला आणि 'धाड' असा आवाज झाला. बायका किंचाळल्या, मग हसल्या. मामांचा चेहरा असा फुलला होता की नवरदेव त्यांच्यापुढे फिका पडावा.

आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तुरुंगवास होऊ शकतो, परवाना तर जातोच. आणि ही गंमत नव्हे. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. मी गुन्हा नोंदवला, मामांना नोटीस दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिस्तूल, काडतुसं आणि परवाना घेऊन हजर झाले. बरोबर मामी होत्या. ठेंगण्या, डोक्यावर पदर, हातात डबा. नवऱ्याला आत घालणार असं गृहीत धरून त्या भाकरी घेऊनच आल्या होत्या.

मी जबाब घ्यायला बसलो. "मामा, गोळी कुणी झाडली?"

"म्याच."

इतक्या सरळ उत्तराची मला सवय नव्हती. पण लग्नघरी मांडवाचा पंचनामा करून आलेले आमचे फौजदार रिकाम्या हाताने परतले होते. मांडवाच्या कापडाला भोक नाही, उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी नाही. सापडली ती फक्त कागदाची रंगीत फुलं, घमेलंभर. काडतुसं मोजली तर परवान्यावरच्या नोंदीप्रमाणे एकूण एक शाबूत.

"गोळी झाडली तर एक काडतूस कमी पाहिजे. सगळी आहेत."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "एक उडवलं. त्येच्या बदली दुसरं आणून घातलं."

"कुठून आणलं?"

"आणलं एकाकडून."

"मामा, विनापरवाना काडतूस घेणं हा निराळा गुन्हा आहे. आता एक कलम वाढलं."

मामांनी विचार केला. "मग आणलं न्हाई. जुनंच घरात पडल्यालं होतं."

"जास्तीचं काडतूस घरात ठेवणं हाही गुन्हा आहे."

"असं हाय का," ते म्हणाले, आणि हवालदारांकडे बघून आणखी एखादं सोपं कलम मिळतंय का याचा अंदाज घेऊ लागले. दारात बसलेल्या मामींना राहवलं नाही. "सायब, त्येंनी न्हाई उडवली. ते पिस्तूल उडतच न्हाई."

"तू गप बस," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. त्या लाल कानांनी मला सांगितलं की उत्तर जबाबात नाही, टेबलावरच्या पिस्तुलात आहे.

जप्तीसाठी गावातलेच दोन पंच बोलावले होते. एक मामांचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी, दुसरे निवृत्त शिक्षक. त्यांच्यासमोर मी पिस्तूल हातात घेतलं. मॅगझिन कशीबशी निघाली. आत काडतूस आहे का हे बघायला वरचा भाग मागे ओढला. हलेना. फौजदार तरुण आणि तालमीतला गडी. त्याने दात-ओठ खाऊन ओढलं. तरी हलेना. या सगळ्या वेळात दोन्ही पंच छताच्या पंख्याकडे असे बघत होते की तो आजच बसवला असावा.

नांदेडच्या मुख्यालयातून आमचे शस्त्रकार आले. पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी पिस्तूल उलटसुलट केलं, घोड्याच्या फटीत नख घातलं, नख नाकाशी नेलं आणि चष्मा काढून ठेवला.

"साहेब, हे हत्यार नाही, ही भज्यांची कढई आहे. करडीचं तेल आहे हे. थरावर थर. सुकून लाख झालीय."

करडीचं तेल खायला गुणाचं, पण ते सुकतं. आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला विचारा. बरणीच्या तोंडाला, तव्याच्या कडेला त्याचा असा चिकटा धरतो की राखेनं घासून निघत नाही. मामी म्हणाल्या, "दर दसऱ्याला शस्त्राची पूजा करत्यात. हळद-कुंकू वाहत्यात अन् घाण्याचं तेल वाटीभर वतत्यात. म्या म्हनलं, मशीनला मशीनचं तेल घाला. तर म्हनले, इकतचं तेल देवाला चालत न्हाई."

मला मामांचं हसू आलं आणि कौतुकही वाटलं. माणसाने घरातलं सगळ्यात चांगलं तेल पिस्तुलाला दिलं होतं. पिस्तूल ते दर वर्षी पोटभर प्यायलं आणि गप्प बसलं.

मग 'धाड' आवाज कसला? चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. मामांचा हात वर जातो त्याच क्षणी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातून रंगीत कागद उडताना दिसतात. वाजंत्रीवाल्याला बोलावलं. त्याने कागदी फुलं उडवणारी नळी आणून ठाण्याच्या आवारात उडवून दाखवली. हुबेहूब तोच आवाज. फुलं आमच्या तुळशीवर पडली. ती झाडायला हवालदारांना अर्धा तास लागला. मामांनी नुसता रुबाबात हात वर केला होता. आवाज आयता मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा 'मी नव्हे' म्हणायला कुणाची जीभ वळेल?

पण टाळ्यांसाठी तुरुंगात जायला कुणी तयार होत नाही. मी खोलीचं दार लोटलं आणि विचारलं, "मामा, खरं बोला. कामून अंगावर घेऊन राहिले?"

मराठवाड्यात नोकरी करून माझीही भाषा वेळप्रसंगी अशी व्हायची. मामांनी तळहात चोळले. मग बोलले. त्यांचं घर गावात नव्हतं, नदीकाठी शेतात होतं. त्या काठाला पाणी उपसायच्या चौदा मोटारी. आजूबाजूच्या शिवारांत मोटारी चोरीला जायच्या, केबल कापून तांब्याची तार न्यायचे. भर हंगामात मोटार गेली की उभं पीक वाळतं. मामांनी पिस्तूल घेतल्यापासून या चौदांतली एकही गेली नव्हती.

"चोराला वाटतंय, मामाकडं पिस्तूल हाय," ते म्हणाले. "आता तुमी कागदावर लिवणार की बंद हाय. ते झालं की पहिली मोटार माझी जाईल. मग बाकीच्यांची. त्यापरीस मला दोन म्हैने आत ठिवा. चालू हाय असं तर ऱ्हाईल."

मी नोकरीत पुष्कळ युक्तिवाद ऐकले. याच्याइतका बिनतोड वकिलांकडूनही ऐकला नाही. मी म्हणालो, "मामा, मला खोटं लिहिता येत नाही." ते म्हणाले, "हाव, ते बी खरंच हाय," आणि डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं.

त्यांना चहाला बाहेर पाठवून मी पंचांना सह्यांसाठी बोलावलं. म्हटलं, हे गावात बोलू नका, माणसाची लाज जाईल. शिक्षकांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, पिस्तूल बंद आहे हे गावाला चार वर्षांपासून माहीत आहे."

शेजाऱ्याने पुढचं सांगितलं. "चार वर्साखाली रानडुकरं आली ना. मामानं पिस्तूल काढलं अन् घंटाभर नुसतं ओढूनच राहिला. आमी धा-बारा जण उसात बसून बघून राहिलो."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"बोलून मोटारी घालवायच्या का सायब? बाहेरगावचा कुणी इचारला की आमी म्हन्तो, मामाचं पिस्तूल लई वाईट, जवळ जाऊ नगा. शाळंतल्या लेकरांना बी तेच सांगितल्यालं हाय."

एवढ्या मोठ्या गावात चार वर्षं एक गोष्ट गुपित राहिली होती, आणि आम्ही पोलीस मात्र 'चालू' असं ठळक अक्षरात लिहून बसलो होतो.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. पिस्तूल प्रयोगशाळेत गेलं. अहवाल आला की हत्यार नादुरुस्त, गोळी झाडलेली नाही. गैरसमजातून गुन्हा नोंद झाला म्हणून न्यायालयात प्रकरण बंद करण्याची समरी पाठवली, ती मंजूर झाली. लग्नात हत्यार मिरवल्याबद्दल मामांना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी मान खाली घालून घेतली. कागद फायलीत गेला. फायली वाचणारे चोर माझ्या तरी पाहण्यात नाहीत.

परत देण्याआधी शस्त्रकारांनी पिस्तूल सोलून काढावं तसं साफ केलं आणि मुख्यालयाच्या मैदानावर चाचणी घेतली. मामा माझ्या शेजारी लांब उभे होते. पाच गोळ्या भरल्या, पाचही सुटल्या, एकदाही अडकलं नाही. पिस्तुलाचा काहीएक दोष नव्हता. पण पहिल्याच आवाजाला मामांनी कान झाकले आणि पाचव्याला ते पायरीवर खाली बसले होते.

"सायब, हे असं वाजतंय व्हय?"

"असंच वाजतं."

"घरात नातवंडं हायत माझ्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "ठिवा तुमच्याकडंच. ह्याचं कव्हर तेवढं द्या."

त्यांनी परवाना रीतसर परत केला, पिस्तूल जमा केलं. चामड्याच्या कव्हराला परवाना लागत नाही, ते मी त्यांना दिलं. मामा ते पुढची सगळी वर्षं कमरेला, शर्टाखाली, किंचित दिसेल असं लावत होते. माझी बदली होईपर्यंत त्या काठावरून एकही मोटार गेल्याची फिर्याद आली नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं, की कबुली मिळाली म्हणून तपास संपत नाही. उलट सहज मिळालेली कबुली नीट उलटून पाहावी, तिच्या पाठीमागे काहीतरी जपलेलं असतं. आणि गावाचा बंदोबस्त फक्त आपण करतो, हा माझा अधिकाऱ्याचा ताठा त्या दिवशी उतरला. त्यानंतर मी आणि आमच्या हवालदारांनी जमा झालेलं प्रत्येक हत्यार ओढून पाहिल्याशिवाय 'चालू' लिहिलं नाही.

हे लिहायला घेण्याआधी मी लातूरहून मामांना फोन केला. आवाज थकलाय, पीळ तसाच आहे. परवानगी मागितली आणि मनात इतकी वर्षं अडून राहिलेलं विचारलं, "मामा, पिस्तूल बंद आहे हे गावाला माहीत होतं, हे तुम्हाला माहीत होतं का?"

"हाव," ते म्हणाले. "रानडुकरांच्या दिशीच कळलं. उसातून हासल्याला आवाज आला की."

"मग बोलला नाहीत कधी?"

"ते बी बोलले न्हाईत. मंग म्या कामून बोलू?" तिकडून मामींचा हसण्याचा आवाज आला. मामा म्हणाले, "लिवा सायब, खुशाल लिवा. पण गावाचं नाव नका घालू. मोटारी हायत तिथं अजून."