नरसिंहाचे सोंग, तीन हजार पाचशे एक

१२ एप्रिल १९९८, रविवार. रक्कम तीन हजार पाचशे एक. हजर: गावचे पाच पंच, साठेक गावकरी, माझी बायको, मी आणि माझा चुलतभाऊ.

लिलाव होता बोहाड्यातल्या सोंगांचा. त्र्यंबकच्या बाजूला आमचे गाव. तिथे दरवर्षी देवांचे मुखवटे चढवून नाचतात आणि कोणते सोंग कोणाचे, हे बोलीवर ठरते. पैसे गावच्या फंडात जातात. बाकी सोंगांच्या बोलीतून मुखवट्यांची रंगरंगोटी आणि वाजंत्र्यांची बिदागी भागते. नरसिंहाची बोली मात्र दहावीला गावात पहिल्या येणाऱ्याच्या पुढच्या शिक्षणाला.

नरसिंह माझ्या वडिलांनी अठरा वर्षे नाचवला. ते गेले तेव्हा मी नाशिकला नोकरीत होतो, म्हणून पुढची सहा वर्षे तो चुलतभावाने घेतला, दरवेळी पाचशे-सहाशेत. तो चांगला नाचतो. हे लिहिताना आजही जिवावर येते. लोक मला येऊन सांगत, "त्याला बघून तुझ्या वडिलांची आठवण झाली." माझ्याकडे बघून कोणाला ती झाली नाही.

त्या रविवारी मी एकदम हजार बोललो. चुलतभाऊ हसला.

"दादा, पगार वाढला वाटतं."

"तू बोल पुढं."

"बाराशे."

तीन हजार चारशेला तो थांबला. मी एकशे एक चढवले.

"घे बाबा. फंड तरी भरला."

माझा पगार तेव्हा पाच हजार दोनशे होता. त्याने बोली मुद्दाम वाढवली, असे मी परतताना बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "वाढवली तुम्हीच. मी मोजत होते."

बोहाड्याच्या दिवशी दुसऱ्या फेरीतच मला दम लागला. संबळवाल्याने माझ्यासाठी ठेका संथ केला आणि ते सगळ्यांच्या लक्षात आले. एका म्हातारीने विचारले, "ह्यो कोण नाचतोय गं?"

"नाशिकचे साहेब हायेत."

मुखवट्यातून धड दिसत नाही, म्हणून सोंगाला धरून फिरवायला एक माणूस लागतो. मला चुलतभाऊच फिरवत होता. "दादा, डावा पाय आधी," असे हळूच सांगत होता, आणि दर वेळी त्याचे बरोबर होते.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. माझा मुलगाही त्या वर्षी दहावीला होता; त्याला त्रेपन्न टक्के. गावात पहिली आली चुलतभावाची मुलगी, एक्क्याऐंशी टक्के. रिवाज असा की ज्याची बोली, त्याच्याच हाताने पैसे द्यायचे. मी शाळेच्या ओट्यावर उभा राहिलो. ती वाकून पाया पडली. तिच्या बापाने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

तीन हजार पाचशे एक, पूर्ण रक्कम, अकरावीच्या प्रवेशासाठी आणि पुस्तकांसाठी, चुलतभावाच्या मुलीला दिली.