काळी छत्री

दारव्ह्यात आमच्या भिंतीपलीकडच्या काकू माणसांशी मोजकंच बोलतात. त्यांच्या कोंबड्यांची अंडी पळवणाऱ्या कावळ्यांना मात्र पोटभर शिव्या देतात. "मुडद्या, तुह्या बापानं घातलं का थे अंडं?" या हाकेवर आमची सकाळ उजाडते.

शेवटी काकूंनी खुराड्यावर मोडकी काळी छत्री उलटी टांगली. ती लांबून मेलेल्या कावळ्यासारखी दिसे. गल्लीतले कावळेच गायब झाले आणि काकू महिनाभर तोऱ्यात वावरल्या.

मग पितृपक्ष आला. घराघरांवर ठेवलेली पितरांची पानं तशीच वाळून गेली. आमचे आजोबाही उपाशी. छत्री काढा म्हणून सगळे विनवायला गेले, तर काकू म्हणाल्या, "तुमच्या पितरायसाठी माह्ये अंडे काहून देऊ?"

सासऱ्यांच्या तिथीला मात्र त्यांनी स्वतःच छत्री उतरवली आणि टिनाच्या छपरावर पान ठेवलं. तासाभराने एक कावळा आला. भात-वडे ओलांडून तो थेट खुराड्यात शिरला आणि अंडं फोडून खात बसला. काकूंची काठी उगारलेली तशीच राहिली.

"मामाजीच हायेत," त्या पुटपुटल्या. "जित्ते होते तवाबी पयले अंडंच लागे त्यायले."

मग काठी ठेवून त्यांनी कावळ्यासमोर डोक्यावर पदर घेतला.